पावसाळ्याआधी एकदा तलावाच्या भरावावर चक्कर मारा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. धो धो पाऊस सुरू होता, माणसं घरात होती. खालच्या भेंदवाडीतली घरं पाण्याने ओढून नेली आणि वीसहून अधिक जीव गेले. धरण मातीचं होतं आणि फार मोठंही नव्हतं. 'गळती आहे, दुरुस्ती करा' असं गावकरी आधीपासून सांगत होते, ही बातमी नंतर सगळीकडे आली.

'खेकड्यांनी धरण पोखरलं' असं तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. खेकडा भराव पोखरतो हे खरं आहे. पण बिळं एका रात्रीत पडत नाहीत. ती वेळेवर बघायची आणि बुजवायची कोणी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या तालुक्यातही गावागावाच्या वर असा एखादा पाझर तलाव किंवा साठवण तलाव आहेच. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत हे समजून घ्या.

हा तलाव बांधला कशासाठी?

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर राज्यात असंख्य पाझर तलाव झाले. आपल्या घरातल्या जुन्या माणसांनी तिथे टोपल्या उचलल्या असतील. पाझर तलावाचं काम पाणी साठवून ठेवणं हे नाही, ते जमिनीत मुरवणं हे आहे. नाल्याचं पाणी अडतं, तळातून मुरमात आणि खडकाच्या भेगांत उतरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. त्यामुळे 'आमच्या तलावात डिसेंबरनंतर पाणीच राहत नाही' ही तक्रार दर वेळी खरी नसते. विहिरींना पाणी असेल तर तलावाने त्याचं काम केलं.

साठवण तलाव किंवा लघु पाटबंधारे तलाव वेगळा. त्याला पाणी सोडायला झडप असते, बहुतेक ठिकाणी कालवा असतो. तिथे पाणी टिकायला हवं.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. तळातून पाणी मुरणं वेगळं आणि भरावातून पाणी गळणं वेगळं. पहिल्याने विहीर भरते, दुसऱ्याने तलाव फुटू शकतो.

मातीचा भराव पाणी कसा अडवतो?

बाहेरून मातीचा ढीग दिसतो, पण आत रचना असते. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड माती, ती गाभ्याला आधार देते. भरावाच्या खाली जमिनीत चर खोदून तोही चिकण मातीने भरलेला असतो, म्हणजे पाणी बुडातून पळत नाही. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग असतं, ते लाटांपासून माती वाचवतं. आणि एका कडेला सांडवा असतो. तलाव भरला की जादा पाणी तिथूनच निघून जायला हवं.

मातीच्या भरावाचा सगळा जीव या सांडव्यात आहे. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी तो बऱ्याचदा टिकतो. मातीच्या भरावावरून पाणी वाहिलं की माती कापत जाते, घळ पडते आणि काही तासांत भराव जातो.

थोडा हिशोब करून बघा. तलावावरचं पाणलोट २०० हेक्टर आहे आणि एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला. त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं तरी ते १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर होतं. १० हजार लिटरचे १० हजार टँकर! तलाव आधीच भरलेला असेल तर एवढं सगळं पाणी सांडव्यानेच जायचं आहे.

आपल्याच हातून होणाऱ्या चुका

कटू वाटेल, पण काही वेळा भराव आपणच कमजोर करतो.

- सांडव्यावर वाळूची पोती रचून 'दोन फूट पाणी जास्त' अडवणं. सांडवा दोन फूट वर गेला, पण भरावाचा माथा होता तिथेच राहिला. पुरासाठी ठेवलेली मोकळी उंची आपणच खाल्ली.
- सांडव्यात मासे धरायला जाळं किंवा कुड बांधणं. पुरात त्यात काडीकचरा, बाभळीच्या फांद्या अडकतात आणि वाट बंद होते.
- भरावाच्या पायथ्यालगत जेसीबी लावणं. गाळ काढणं चांगलंच, शेताला सोनं मिळतं. पण भरावाला खेटून खोदलं, किंवा भरावाचाच मुरूम रस्त्याला उचलला, तर आधार जातो. खोदायचं किती अंतरावर आणि किती खोल, हे अभियंत्याकडून जागेवर आखून घ्या.
- पिचिंगचे दगड घराच्या जोत्याला किंवा बांधाला नेणं.
- भरावावर बाभळी, सुबाभळी वाढू देणं. मुळं आत जातात. झाड वठलं की मूळ कुजतं आणि तिथे पाण्याला पोकळ वाट मिळते. भरावावर गवत हवं, झाड नको.

भरावावर चक्कर मारताना काय बघायचं?

दोन-चार जण मिळून जा. एक जाणता माणूस आणि एक मोबाइलवाला पोरगा सोबत असू द्या.

१. माथा: कुठे खचलाय का? लांबीच्या दिशेने भेग आहे का? भेगेत काठी किती आत जाते ते बघा.

२. बाहेरची, म्हणजे कोरडी बाजू: घूस, उंदीर, खेकडा, साळिंदर यांची बिळं. माती घसरल्याच्या किंवा फुगल्याच्या खुणा.

३. पायथा: आजूबाजूला वाळलेलं असताना एकाच पट्ट्यात हिरवंगार गवत किंवा लव्हाळा दिसला तर तिथे ओल आहे. जागा नोंदवा.

४. सांडवा: झुडपं, दगड, अतिक्रमण आहे का? भिंत फुटली आहे का? सांडव्याचं पाणी पुढे भरावाचा पायथा तर कापत नाही ना?

५. झडप असेल तर ती फिरते का? गंजून बसलेली झडप ऐन वेळी कामाची नाही.

प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा. फोटोत काठी किंवा चप्पल ठेवा, म्हणजे भेग केवढी ते कळतं. तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात त्याच जागेचा फोटो पुन्हा घ्या. वाढ झाली की नाही, हे त्यावरूनच दिसेल.

गळणारं पाणी स्वच्छ की गढूळ?

तलाव भरल्यावर पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपणं नेहमीचं असू शकतं. ते वाढत नाही ना, यावर लक्ष ठेवा. पण पाणी गढूळ येत असेल, तर ते भरावाच्या आतली माती घेऊन येतंय. आत नळी तयार होतेय आणि ती तासातासाला रुंद होते. झऱ्याच्या तोंडाशी मातीचं वारुळासारखं कडं दिसलं तरी तेच समजा.

अशा वेळी बाहेरून चिखल, प्लास्टिक कोंबून तोंड बंद करू नका. पाणी आतल्या आत दाबलं जातं आणि दुसरीकडून फुटतं. भराव किंवा सांडवा स्वतःच्या मनाने फोडायलाही जाऊ नका. आधी खालच्या वस्तीतली माणसं हलवा आणि लगेच तलाठी, तहसील कार्यालय, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष (१०७७) किंवा ११२ ला कळवा.

तलाव कोणाच्या ताब्यात?

साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि आणखी मोठे जलसंपदा विभागाकडे. आपला तलाव कोणाकडे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारून लिहून ठेवा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. गावचे बहुतेक पाझर तलाव त्याहून बुटके, म्हणून त्या कायद्यात बसत नाहीत. म्हणजे आपल्या तलावावर पहिली नजर आपलीच हवी.

तोंडी सांगून थांबू नका. ग्रामसभेत ठराव घ्या, फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच पोचेच्या आधारे गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जा.

आणि एक रात्रीची तयारी

तिवऱ्यात पाणी आलं ते रात्री. म्हणून आत्ताच ठरवा: नाल्याकाठची कोणती घरं आधी उठवायची, म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार, उंचावरची जागा कोणती, आणि लाइट गेली तर इशारा कसा द्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर भरवसा ठेवू नका, रात्री दोनला मेसेज कोण वाचतं? देवळातली घंटा किंवा बॅटरीवरचा भोंगा जास्त कामाचा. मोठ्या पावसाच्या रात्री दोघांनी पाळीने भरावाकडे लक्ष ठेवायचं, पण भरावावर उभं राहून नाही, कडेच्या उंच जागेवरून.

या तलावाने आपल्या विहिरी जगवल्या. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि तलाव भरल्यावर, त्याच्याकडे तासभर द्यायला हरकत नाही. या रविवारीच जाऊन या.