आपल्याला कोण बघतंय?

कडा, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात मोबाइलवर काय टाकावं, काय टाकू नये हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपण गावाकडची माणसं, आपल्याला कोण बघतंय?" मला हा समज सगळ्यात घातक वाटतो. बघणारा परदेशात बसलेला नसतो. तो बीडला भरतीची कागदपत्रं तपासत असतो, नाहीतर मुलीसाठी स्थळाची चौकशी करत असतो.

मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर, २०२५ च्या सुरुवातीला, आपल्याच जिल्ह्यातले पिस्तूल मिरवतानाचे, हवेत गोळ्या झाडतानाचे फोटो आणि व्हिडिओ चव्हाट्यावर आले. हौसेनं काढलेली ही चित्रं पुरावा झाली. गुन्हे दाखल झाले, शस्त्रपरवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांवरही पोलीस व्हिडिओ पाहूनच शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे नोंदवतात, आणि तो व्हिडिओ बहुतेकदा जवळच्या मित्रानंच टाकलेला असतो.

"भरतीवाले काय इन्स्टाग्राम बघत बसतात का?" असंही पोरं म्हणतात. त्यांना बघायची गरजच पडत नाही. रीलवरून गुन्हा नोंदला गेला की तो चारित्र्य पडताळणीत पुढे येतो. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर जण उभे असताना, पहाटे उठून वर्षानुवर्षं धावलेल्या पोराची संधी पंधरा सेकंदांच्या व्हिडिओपायी अडकते, याचं मला फार वाईट वाटतं. मग कुणीतरी सल्ला देतं की पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात गुन्ह्याचं लिहूच नको. हा सल्ला मूळ चुकीपेक्षा महागात पडतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हा मुद्दा सविस्तर हाताळला आहे. माहिती दडवणं हेच उमेदवारी किंवा नोकरी रद्द करायला कारण ठरू शकतं. उलट, तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखं किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा ते सोडून देऊ शकतो. म्हणून गुन्हा दाखल असेल तर तो लिहावाच.

"स्टेटस चोवीस तासांत जातं" हा समज कोल्हापूरनं खोटा ठरवला. जून २०२३ मध्ये काही जणांच्या स्टेटसवरून तिथं ७ तारखेला दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतलं त्यांच्यात अल्पवयीन मुलंही होती. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून पूर्णपणे कूटबद्ध होऊन जातो हे खरं, पण ते कुलूप फक्त वाटेपुरतं असतं. ज्याच्या हातात तो मजकूर पोचला, त्याला स्क्रीनशॉट घेण्यापासून कुणी अडवत नाही.

"मी लिहिलं नाही, नुसतं लाइक केलं" यानंही वाचता येईलच असं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीनं ती पोस्ट लिहिली नव्हती, लाइक केली होती. ती अटक अन्यायाची होती आणि त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्दही केलं. पण ते कलम जायला दोन वर्षांवर काळ गेला.

आता कायद्याच्या भरवशाबद्दल. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदाही झाला. मात्र त्याच्या तिसऱ्या कलमातले दोन अपवाद आपण वाचत नाही. जी माहिती तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. आणि एखाद्या व्यक्तीनं खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहितीही त्याच्या बाहेर आहे.

याचा सगळ्यात मोठा फटका लग्नाच्या बायोडाटाला बसतो. जन्मतारीख, जन्मवेळ, पत्ता, वडिलांचा आणि मामाचा मोबाइल नंबर, जमीन किती, पगार किती, शिवाय मुलीचा उभा फोटो, हे सगळं एका पीडीएफमध्ये भरून मामा आणि काका वधू-वरांच्या ग्रुपवर टाकतात. पुढे तो किती ग्रुपवर फिरला, कुणाच्या मोबाइलमध्ये राहिला, याचा पत्ता लागत नाही. मुलीनं स्वतः एकही अकाउंट उघडलेलं नसलं तरी तिची माहिती बाहेर गेलेली असते. "मी काही टाकतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी फेसबुकवरच्या माहितीचं २०१८ चं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फेसबुकनंच सांगितलेल्या आकड्यांनुसार भारतात त्यातलं माहिती काढणारं ॲप ३३५ जणांनी घेतलं, पण माहिती गेली असण्याची शक्यता ५,६२,४५५ जणांची होती. बाकीचे फक्त ॲप घेणाऱ्यांचे मित्र होते. बायोडाटात फक्त नाव, शिक्षण, तालुका आणि एकच संपर्क नंबर ठेवला, तर स्थळ जुळायला काही अडत नाही. बाकीचं समोरासमोर बसल्यावर सांगता येतं.

नोकरी लागली म्हणून सुटका होत नाही. राज्य शासनाच्या जुलै २०२५ च्या निर्णयानं कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितली आहेत. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीकेला मनाई आहे आणि गणवेश, शासकीय वाहन रीलमध्ये दाखवण्यावरही बंधनं आहेत. सरकारी माणसाचं बोलणं इतकं आवळावं का, याबद्दल मला शंका आहे. पण शिस्तभंगाची नोटीस आली की हाच निर्णय पुढे ठेवला जाईल.

एक समज मात्र घरातल्या मोठ्यांचा आहे: चूक मुलीचीच असणार. मुलीचा फोटो कुणी बिघडवून फिरवला की तिचाच मोबाइल काढून घेतला जातो आणि कधी कॉलेजही बंद होतं. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण तुटतं तिचं. अशा फोटोबद्दल ती स्वतः किंवा तिच्या वतीनं दुसरं कुणी, तो ज्या ॲपवर फिरतोय त्या कंपनीकडे तक्रार करू शकतं आणि कंपनीला तो ठरलेल्या मुदतीत हटवावा लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते. फोटो, लिंक आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवावेत, मग तक्रार करावी, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला कॉलेजला पाठवावं.