जुनी कॅराव्हॅन घेताय? आधी आरसी बघा, मग गादी

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बेड, ओटा, छोटं टॉयलेट बसवलेली जुनी कॅराव्हॅन बघताना नजर आधी सजावटीवर जाते. खरी गोम मात्र कागदांत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सीट काढून घर थाटलं आणि आरसीवर गाडी अजून प्रवासी वाहनच असेल, तर आरटीओचा बडगा आहेच. अपघातानंतर विमा कंपनीही हात वर करू शकते. आरसीवर ‘मोटार कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असं लिहिलेलं हवं. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला इसार देऊ नका. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० भरा, विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा.

दुसरा शत्रू पाणी. एसी, पंखा, सोलरसाठी छताला भोकं पाडलेली असतात. तिथलं सीलंट तडकलं की पावसाचं पाणी प्लायमध्ये मुरतं. म्हणून गाडी शक्यतो भर पावसाळ्यात बघा, मालकाला आवडो न आवडो. कपाटामागचे कोपरे अंगठ्याने दाबा. प्लाय मऊ लागला किंवा कुबट वास आला, तर नवा रंग कशासाठी दिलाय ते समजा. घेतल्यावरही दरवर्षी मेमध्ये छतावर चढून सीलंट तपासा.

उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. टायरवर ‘२३१८’ असे आकडे म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, असे टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.