जीएचे द्रावण आणि ईआरचा अहवाल

निफाड तालुक्यात ऑक्टोबर छाटणी उरकली, की द्राक्षबागायतदारांच्या तोंडी ‘जीए’ हा विषय असतो. जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात थॉमसनचे घड बुडवले, की मणी लांबतो, फुगतो. हे संप्रेरक पेशीतल्या ‘डेला’ प्रथिनांचा काटा काढते. वाढीची जनुके दाबून धरणारी ही प्रथिने नष्ट झाली, की जनुके कामाला लागतात.

कुठले जनुक केव्हा चालावे, हे माणसाच्या पेशीतही अशीच प्रथिने ठरवतात. इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ‘ईआर’, हे त्यांतलेच एक. इस्ट्रोजेन चिकटले, की ते डीएनएवर जाऊन बसते आणि पेशीविभाजनाची जनुके चालू होतात. स्तनाच्या कर्करोगाच्या निम्म्याहून अधिक गाठी याच जोरावर वाढतात.

म्हणूनच बायोप्सीच्या अहवालात ‘ईआर’ची ओळ आधी पाहिली जाते. मेणात बसवलेल्या गाठीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन त्यांवर प्रतिपिंड सोडतात. ईआर असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांत तपकिरी रंग उमटतो. शंभरात एक कर्कपेशी रंगली, तरी अहवाल पॉझिटिव्ह.

मग उपचाराची दिशा बदलते. अमेरिकेत १९७७ मध्ये मान्यता मिळालेले टॅमॉक्सिफेन ईआरवर इस्ट्रोजेनची जागा अडवते. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लेट्रोझोल इस्ट्रोजेनची निर्मितीच घटवते. फुलव्हेस्ट्रंट त्याही पुढचे: डेलाचे जे जीए करते, तेच हे इंजेक्शन ईआरचे करते, प्रथिनच मोडीत काढते.

प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरही जनुकांवर असाच अंमल चालवतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने १००० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले होते. सरसकट फरक पडला नाही. मात्र काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांत तो उलटण्याचे प्रमाण घटलेले दिसले.

ही सगळी गणिते चुकू शकतात ती गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या तासात. तुकडा तेवढ्या वेळात दहा टक्के फॉर्मलिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यातच राहायला हवा. तालुक्याच्या गावी काढलेला तुकडा नुसता बाटलीत घालून शहरातल्या लॅबला धाडला, तर वाटेतच प्रथिन खराब होते. अहवाल खोटा निगेटिव्ह येतो आणि टॅमॉक्सिफेनची साधी गोळी जिला लागू पडली असती, तिला ती लिहूनच दिली जात नाही.