रंगावर जाऊ नका!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. पण वायरिंगमध्ये मी केलेली चूक मात्र तुम्ही करू नका.

गेल्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरचा लॅपटॉप चार्ज होईना. जॅक लूज झाला होता. त्याच्या बाबांनी सोयाबीन विकून घेतलेला लॅपटॉप, आणि आत आमचा अर्धा प्रोजेक्ट! खामगावहून नवीन जॅक आणला, पण त्याचा कनेक्टर बोर्डवर बसेना. म्हणून जुना कनेक्टर कापून वायरी जोडायचं ठरलं. पार्टनर म्हणाला, "लालले लाल, कायीले कायी जोड, कायले घाबरतं बे?" मी जोडल्या. अडॅप्टर लावताच 'चट्' आवाज आणि जळका वास! नव्या जॅकमध्ये काळी वायर प्लस निघाली. प्रोजेक्ट वाचला, पण बोर्डच्या रिपेअरिंगमध्ये माझे मेसचे दोन महिन्यांचे पैसे गेले.

रंगाचं असंच असतं. आपल्या घरच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, अमेरिकेत घरातली काळी म्हणजे फेज, आणि डीसीमध्ये काळी बहुतेक वेळा मायनस. म्हणून विचारायचं ते मल्टिमीटरला.

आधी अडॅप्टर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण 15-20 सेकंद दाबून धरा. आता मीटर बझरवर ठेवा. एक प्रोब यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला लावा. ती कडा बोर्डच्या ग्राउंडला जोडलेली असते. दुसरा प्रोब बोर्डवरच्या जॅक कनेक्टरच्या पिनांना एकेक करून लावा. जिथे बीप वाजेल ती मायनस.

मग अडॅप्टर बघा. लेबलवर गोल आणि ठिपक्याचं चित्र असतं, त्यावरून प्लस आत की बाहेर ते कळतं. बहुतेक ठिकाणी आतला भाग प्लस असतो. तरी मीटर डीसी 200 व्होल्टवर ठेवून खात्री करा. आकडा 19 च्या आसपास आला आणि पुढे वजा चिन्ह नसेल, तर लाल प्रोब प्लसवर आहे. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात नाही ना, हे आधी बघा, नाहीतर सरळ शॉर्ट! शेवटी सुट्या जॅकचा आतला-बाहेरचा भाग कोणत्या वायरला जातो, ते बझरवर तपासा.

डेल, एचपीच्या जाड गोल पिनमध्ये मधोमध बारीक काडी असते. ती पॉवरची नाही, अडॅप्टर ओळखण्याची आहे. 65 वॉटचा अडॅप्टर 19.5 व्होल्टला साधारण 3.3 अँपिअर देतो, म्हणून प्लस-मायनसला जाड किंवा जोडीने वायरी असतात. ओळखीची वायर एकटी आणि बारीक. डेलमध्ये ती तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. तिच्यावर चुकून 19 व्होल्ट गेले तर मात्र बोर्ड गेलाच समजा.

जोडून झाल्यावर प्लस आणि मायनसमध्ये बीप वाजत नाही ना, हे बघूनच अडॅप्टर लावा. अडॅप्टर स्वतः कधी उघडू नका, आत 230 व्होल्ट असतात. टाइप-सी जॅकच्या पिना फारच बारीक, तो दुकानातच द्या.

आता आमच्या रूममध्ये मीटर आहे. कुणाला लागला तर खुशाल घेऊन जा, फक्त परत आणा!