एकाच भाकरीचे वाटेकरी

1890 सालची गोष्ट. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातील बडी मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्यायले, कोणी पेला नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज या प्रकरणाचे हसू येते. पण कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या शेजारी बसून खायचे हा आपल्याकडे केवढा मोठा प्रश्न होता, हे त्यावरून कळते.

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी नेमके हेच आहे: एकत्र बसून खाणे. कॅथलिक मंडळी त्याला ख्रिस्तप्रसाद किंवा कम्युनियन म्हणतात, प्रॉटेस्टंट मंडळी प्रभुभोजन म्हणतात. मूळ ग्रीक शब्द आहे ‘कोइनोनिया’, म्हणजे सहभागिता, वाटेकरी होणे. माझे काही हिंदू स्नेही चर्चमध्ये आले की विचारतात, ‘हा तुमचा प्रसादच ना?’ मी ‘हो’ म्हणतो, पण लगेच थोडे अडखळतो. आपला प्रसाद पंढरपूरहून शेजारणीकरवी येतो, पुडीत बांधून मुंबईला जातो, हल्ली टपालानेही मिळतो. प्रभुभोजन असे पाठवता येत नाही. आजारी माणसाच्या अंथरुणापाशीसुद्धा कोणीतरी ते स्वतः घेऊन जातो, त्याच्याजवळ बसतो, प्रार्थना करतो आणि मग देतो. माणसाला माणूस लागतोच.

या विधीचा उगम एका साध्या जेवणात आहे. येशूच्या अटकेची ती रात्र. यरुशलेममध्ये वल्हांडण सणाचे दिवस होते. यहुदी लोक मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण या सणाला जेवणातूनच जागवतात. त्या रात्री येशूने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि शिष्यांना देताना हे आपले शरीर आहे असे म्हटले. द्राक्षारसाचा प्यालाही त्याने तसाच फिरवला. त्या पंक्तीला त्याला धरून देणारा यहुदा होता आणि पहाटेपूर्वी त्याला नाकारणारा पेत्रही होता. मला नेहमी वाटते की पंक्तीत कोणाला घ्यायचे हे त्या रात्री शिष्यांनी ठरवायचे असते, तर किती पाने कमी झाली असती!

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांत नसून पौलाच्या एका पत्रात आहे. इसवी सन 55च्या सुमारास त्याने ते करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिले. आणि कशासाठी? तर कानउघाडणीसाठी. त्या काळी हे खरोखरचे पोटभर जेवण असे. घरची संपन्न माणसे आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत. कष्टकरी आणि गुलाम काम आटोपून उशिरा येत, तोवर ताटे रिकामी झालेली असत. पौल त्यांना स्पष्ट सांगतो की तुमचे हे जेवण प्रभूचे भोजनच नव्हे. शेजारचा उपाशी असताना ही भाकर खाणारा स्वतःवरच दोष ओढवून घेतो. पुढे पोटभर जेवण मागे पडले आणि भाकरीचा तुकडा व द्राक्षारसाचा घोट तेवढा राहिला. कॅथलिकांत तर त्या तुकड्याची पातळ पांढरी चकती झाली. पण पौलाचे बोलणे आजही टोचते.

भाकरीत ख्रिस्त नेमका कसा असतो यावर फार वाद झाले. कॅथलिक श्रद्धेनुसार ती खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, तर बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांच्या मते ती स्मरणाची खूण आहे. 1529 साली जर्मनीत मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली भेटले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर दोघांचे एकमत झाले. अडले ते या भोजनावर. एकत्र आणणाऱ्या पंक्तीवरूनच ताटे वेगळी झाली!

आपल्या देशात तर जातही चर्चमध्ये शिरली. दक्षिणेत तंजावरकडील चर्चमध्ये उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनालाही आधी येत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढले की हा भेद तत्काळ आणि कायमचा थांबला पाहिजे. परिणाम काय झाला? अनेक कुटुंबांनी ते चर्चच सोडले. देव बदलणे त्यांना जमले होते, पंगत बदलणे जमले नाही. त्यांना नावे ठेवताना मात्र जपून बोलावे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळे-ओवळे सोडताना झालेली घालमेल जशी प्रांजळपणे सांगितली आहे, ती वाचली की ही गाठ किती घट्ट होती ते उमगते.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा हा विषय वेगळ्या रूपात समोर आला. उपासना मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाली. कॅथलिकांना मनोमन ख्रिस्तप्रसाद घेण्याची प्रार्थना सांगण्यात आली. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरीच पाव आणि द्राक्षाचा रस घेऊन बसा असे सांगितले गेले, तर काहींनी ते चुकीचे ठरवले. त्या महिन्यांत मला आमच्या गावाकडचे थोरले काका फार आठवले.

काकांचे धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून वितुष्ट आले होते. भावाशी समेट करून मगच वेदीपाशी ये, हे येशूचे सांगणे काकांनी अक्षरशः घेतले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. पाळक भाकरीचे ताट घेऊन येत आणि काका ते न घेता शेजारच्याकडे सरकवत. जवळजवळ दोन वर्षे असे चालले. पाळकांनी समजावले, काकू रडल्या. काका म्हणत, ‘त्याच्याकडे बघवत नाही, मग त्याच्याबरोबर खाऊ कसा?’ धाकटे मात्र दर वेळी भाकर घेत. मला लहानपणी वाटे की काकांची श्रद्धा कमी आहे. आज तसे वाटत नाही.

बांधाचा निकाल पुढे कचेरीत लागला, तो काकांच्या विरुद्ध. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी काका धाकट्याच्या घरी गेले. आत काय बोलणे झाले ते आम्हा मुलांना कळले नाही. बराच वेळाने काकूंना निरोप आला की जेवायला थांबतो आहे, वाट पाहू नका.