शालेय ग्रंथालयात हॅरी पॉटर : भीती, गंमत आणि वाचन

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या कादंबरीमालेचा पहिला भाग २६ जून १९९७ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि सातवा, अखेरचा भाग २१ जुलै २००७ रोजी. आजवर ८० हून अधिक भाषांत तिची भाषांतरे झाली आहेत. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ती मराठीतही आणली. इंग्लंड-अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांत या पुस्तकांच्या आधारे नाना प्रकारचे उपक्रम होतात. असे उपक्रम आपल्या शाळांत योजावेत असे कोणी सुचवले, की पालकांपैकी कोणीतरी विचारणारच, ‘चेटकाचे पुस्तक ख्रिस्ती शाळेत कशाला?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून प्रथम त्याकडे वळू.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा तीत पहिला क्रमांक याच मालेचा लागला. आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथे २००२ मध्ये शाळा मंडळाने ही पुस्तके उघड्या फडताळावरून काढली. पालकांचे लेखी अनुमतिपत्र आणणाऱ्या विद्यार्थ्यालाच ती मिळू लागली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये पुस्तके पुन्हा फडताळावर ठेवण्याचा आदेश झाला. यातील गंमत वाचकांच्याच लक्षात येईल. कादंबरीतील हॉगवर्ट्स शाळेच्या ग्रंथालयातही एक ‘निषिद्ध विभाग’ असून तेथील पुस्तकासाठी शिक्षकांच्या सहीची चिठ्ठी लागते! २०१९ मध्ये नॅशविल येथील एका कॅथोलिक शाळेच्या ग्रंथालयातूनही ही माला हटवण्यात आली. पुस्तकातील मंत्र खरेच आहेत, अशी तेथील धर्मगुरूंची धारणा होती.

व्हॅटिकनने मात्र या पुस्तकांवर बंदी घातलेली नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘नवयुग’ विचारसरणीविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करताना, त्याच्या लेखनात सहभागी असलेले फादर पीटर फ्लीटवुड यांनी या कथांत आपल्याला आक्षेपार्ह काही दिसत नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांनी या पुस्तकांवर टीका करणाऱ्या एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात कोवळ्या मनांवरील सूक्ष्म प्रभावाविषयी चिंता व्यक्त केली होती. ते पत्र खासगी होते. तो ख्रिस्तसभेचा निर्णय नव्हता. पुढे २००८ मध्ये व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने बाजूचा व विरोधी असे दोन्ही लेख छापले.

चर्चच्या धर्मशिक्षाग्रंथातील २११६ व २११७ हे परिच्छेद भविष्यकथन व जादूटोणा यांचे आचरण स्पष्टपणे नाकारतात. त्यात तडजोड नाही. परंतु गोष्टीतील उडता झाडू हे आचरण नव्हे. जन्मतः लाभलेली शक्ती कशी वापरावी, हे शिकणाऱ्या मुलांची ही कथा आहे. भविष्यकथनाची तर ती बहुतांशी थट्टाच करते. तिसऱ्या भागात हर्मायनी ही सर्वांत हुशार विद्यार्थिनी भविष्यकथनाचा तास अर्ध्यावर सोडून निघून जाते. तेव्हा चहाच्या चोथ्यावरून भविष्य सांगण्याचा खेळ काही ग्रंथालये ठेवतात, तो आपण खुशाल गाळावा. मूळ कथेशी त्यामुळे अप्रामाणिकपणा होणार नाही.

आता उपक्रमांविषयी. ब्लूम्सबरी या मूळ प्रकाशनसंस्थेने ५ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘हॅरी पॉटर बुक नाइट’ सुरू केली. त्या संध्याकाळी शाळा व ग्रंथालयांत मुले झगे घालून येतात, प्रश्नमंजूषा होते, जांभळ्या कोबीच्या रसात लिंबू किंवा खाण्याचा सोडा टाकून रंग पालटणारी ‘जादुई औषधे’ बनतात. यामागे प्रकाशकाचा व्यापारी हेतू आहेच. तो नाकारण्यात अर्थ नाही. कोबीच्या रसात आम्ल-अल्कलीचा पाठ लपलेला असतो, तोही शिकवून व्हावा. पण कागदी टोप्या आणि काड्यांच्या छड्या यांतच संध्याकाळ संपली व एकही पुस्तक घरी गेले नाही, तर तो ग्रंथालयाचा कार्यक्रम नव्हे, वेशभूषा स्पर्धा झाली.

विद्यार्थ्यांची चार गृहांत वाटणी करून वाचलेल्या पुस्तकांवर गुण देण्याची प्रथाही लोकप्रिय आहे. येथे एक सावधगिरी हवी. ‘स्लिदरिन’ हे गृह कथेत बदनाम आहे. चिठ्ठी काढून एखाद्या लहानग्याला त्यात ढकलले, तर तो दिवसभर हिरमुसला राहील. कथेतील टोपी मात्र हॅरीची स्वतःची इच्छा ऐकते आणि तिला मान देते. मुलाला गृह निवडू द्यावे व त्या निवडीचे कारण चार ओळींत लिहायला सांगावे.

माझ्या मते सर्वांत सकस उपक्रम पहिल्याच भागात तयार पडलेला आहे. निकोलस फ्लामेल हे नाव कानी पडल्यावर हॅरी व त्याचे मित्र तो कोण, हे शोधण्यासाठी नाताळच्या आधीपासून ग्रंथालय पालथे घालतात. ते अलीकडच्या काळातील ग्रंथ चाळत राहतात. माहिती निघते ती हर्मायनीने केव्हाच घरच्यासारखी वाचायला म्हणून आणून ठेवलेल्या जाडजूड ग्रंथात. शोध चुकीच्या कपाटात चालला होता! मुलांना हेच नाव देऊन विश्वकोशांच्या कपाटापुढे उभे करावे. फ्लामेल हा खरोखर होऊन गेलेला पॅरिसचा लेखनिक व ग्रंथविक्रेता. तो १४१८ मध्ये वारला. त्याने १४०७ मध्ये बांधवलेले घर पॅरिसमध्ये आजही उभे आहे. त्याची समाधिशिला तेथील क्लुनी संग्रहालयात असून २०१७ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या प्रदर्शनात ती मांडली होती. सोने बनवणारा किमयागार ही त्याची कीर्ती मात्र मृत्यूनंतर फार उशिरा पसरली. सतराव्या शतकातील एका पुस्तकाने तिला हातभार लावला. कोणती माहिती कागदपत्रांची आणि कोणती दंतकथेची, हे वेगळे करायला शिकलेले मूल पुढे वर्तमानपत्रही वेगळ्या नजरेने वाचेल.

मराठी वर्गासाठी आणखी एक धागा आहे. मराठी आवृत्तीचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. आपला परीस लोखंडाचे सोने करतो, पण अमरत्व देत नाही. युरोपीय कल्पनेतील दगडापासून मात्र आयुष्य वाढवणारे रसायनही मिळते. म्हणजे तो परीस आणि अमृत दोन्ही झाला. भाषांतरकाराने हा शब्द का निवडला असावा, यावर सातवीची मुलेही तासभर वाद घालू शकतील.

मंत्रांतील लॅटिनचाही उपयोग आहे. सेमिनरीत लॅटिन व्याकरणाशी झुंजलेल्या आम्हा मंडळींना हे पाहून थोडा हेवाच वाटतो. ‘अ‍ॅक्सिओ’ म्हणजे मी बोलावतो. ‘एक्स्पेक्टो’ म्हणजे मी वाट पाहतो. हेच क्रियापद निकेयाच्या विश्वासांगीकाराच्या लॅटिन पाठात पुनरुत्थानाच्या संदर्भात येते. ‘पॅट्रोनस’ म्हणजे रक्षक, पाठीराखा. आपण ज्यांना आश्रयदाते संत म्हणतो, त्यांच्यासाठीचा इंग्रजी शब्द याच मुळातला.

सातव्या भागात हॅरी आपल्या आईवडिलांच्या कबरीपुढे येतो. त्या शिळेवर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायातील २६ वे वचन कोरलेले आहे. जवळच्या दुसऱ्या कबरीवर मत्तयाच्या शुभवर्तमानातील ६:२१ आहे. ती बायबलमधील वचने आहेत, असे पुस्तकात कोठेही सांगितलेले नाही. हॅरीलाही पहिल्या वाचनात अर्थ कळत नाही, तो घाबरतो आणि हर्मायनी त्याला समजावते. ग्रंथपालांनी ती दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत, उगम सांगू नये आणि शोधण्यासाठी आठवडा द्यावा. हा भाग गडद आहे, त्यात मृत्यू पुष्कळ आहेत, म्हणून तो नववीच्या पुढच्यांसाठी राखावा. पाचवी-सहावीच्या मुलांना पहिले दोन भाग पुरेत.