रिंगरोडच्या जमिनीत किती मेथी पिकली असती?

राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुण्याभोवती होऊ घातलेला रिंगरोड सुमारे 170 किलोमीटर लांब आणि 110 मीटर रुंद आहे. गुणाकार केला की साधारण 1,870 हेक्टर जमीन होते, म्हणजे 4,600 एकरांहून जास्त.

आता दुसरा गुणाकार. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत 31.24 लाख आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 17.27 लाख माणसे होती, मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख. त्यानंतर दोन्ही शहरे फुगली, तेव्हा हा हिशेब हात राखूनच केलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारसूचनांप्रमाणे माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या हव्यात. एवढ्या लोकांसाठी त्या रोज 1,940 टन होतात. त्यातली पालेभाजी फक्त 50 ग्रॅम धरली तरी रोजची गरज 242 टन आणि वर्षाची 88 हजार टनांवर जाते.

मेथी तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येते, कोथिंबीर थोडी उशिरा. पाण्याची शाश्वती असेल, तर मशागत आणि पावसाळ्यातली नासाडी वजा जाता एका रानात वर्षाला पाच पिके धरता येतात. दर पिकाला हेक्टरी 10 टन उतारा धरला, तर हेक्टरी 50 टन. साडेअठ्ठ्याऐंशी हजारांना 50 ने भागले की येतात सुमारे 1,770 हेक्टर.

म्हणजे दोन्ही शहरांना वर्षभर पालेभाजी पुरवायला जेवढी जमीन लागते, त्याहून थोडी जास्तच एका रस्त्याखाली जाणार आहे. रिंगरोडच्या पट्ट्यातली सगळी जमीन काही बागायत नाही, त्यात डोंगर आहेत, माळ आहेत, जिरायत आहे. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुढे जे प्लॉटिंग होते, ते या 1,870 हेक्टरांत धरलेलेच नाही. आकड्यांचा आवाका कळावा म्हणून ही तुलना केली. रस्ता नको, असे माझे म्हणणे नाही. रस्त्याच्या खर्चात भाजीचे रान कुठे मांडलेले दिसत नाही, हे माझे म्हणणे आहे.

गहू पंजाबातून येऊ शकतो, डाळ विदर्भ-मराठवाड्यातून येते, दोन्ही गोदामात राहतात. संध्याकाळी काढलेली मेथी मात्र पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मांजरीच्या उपबाजारात पोहोचावी लागते. अंतर वाढले की नासाडी वाढते, भाडे वाढते आणि दोन्ही गिऱ्हाइकाच्या पिशवीत उतरतात. नाबार्डच्या सल्लागार कंपनीच्या 2022 च्या पाहणीत भाज्यांची काढणीपश्चात नासाडी पिकानुसार 4.87 ते 11.61 टक्के आढळली होती. ऑक्टोबर 2024 मध्ये देशातली भाजीपाल्याची महागाई 42.18 टक्क्यांवर गेली, तेव्हा सर्वांत आधी कात्री लागली ती हातावर पोट असणाऱ्या घरातल्या भाजीला. शहराची अन्नसुरक्षा रेशनच्या धान्यावर मोजून भागत नाही, ते यामुळे.

शहराजवळची जमीन बहुधा चांगलीच असते, कारण गावे वसली तीच नदीकाठच्या कसदार मातीवर. 2014 च्या एका जागतिक अभ्यासात जगातल्या ओलिताखालच्या शेतीपैकी सुमारे 60 टक्के शेती शहरांपासून 20 किलोमीटरच्या आत आढळली. 2017 च्या दुसऱ्या अभ्यासाचा अंदाज असा, की 2030 पर्यंत शहरे ज्या शेतजमिनी गिळतील, त्यांची उत्पादकता जगाच्या सरासरीच्या 1.77 पट असेल. पुण्याला हे जगाकडून शिकायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा निघाला, त्याने हडपसर, मांजरी, लोणी काळभोरचा पट्टा बागायत केला. त्यातल्या हडपसरला आज ऊस शोधावा लागतो.

जमिनीइतकाच, किंबहुना जास्त, पेच पाण्याचा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून 29.15 टीएमसी. यात पुण्याचे पिणे आहे आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे. शहराचा वापर साडेअकरा टीएमसीच्या जुन्या मंजुरीच्या कितीतरी पुढे गेला. त्याच्या मोबदल्यात महापालिकेने दरवर्षी साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून शेतीसाठी बेबी कालव्यात सोडायचे, असे ठरले.

साडेसहा टीएमसी म्हणजे रोजचे 50 कोटी लिटर. शहरातल्या नऊ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची एकूण क्षमता 47.7 कोटी लिटर. सगळी केंद्रे वर्षाचे 365 दिवस पूर्ण ताकदीने चालली, तरीही ठरलेले पाणी ठरलेल्या शुद्धतेने पुरे पडत नाही. उरलेले काय जाते, ते कालव्याकाठच्या विहिरींना विचारावे. नदी सुधारणा प्रकल्पातून आणखी 39.6 कोटी लिटरची 11 केंद्रे उभी करायचे ठरले आहे. पुण्याच्या भाजीच्या दृष्टीने या केंद्रांएवढे महत्त्वाचे दुसरे काम मला दिसत नाही. धरणाचे चांगले पाणी आपण घ्यायचे, शेतकऱ्याला गटार द्यायचे आणि त्यावरची पालक पुन्हा आपल्याच ताटात, हा व्यवहार अन्यायाचा आहे आणि आरोग्याला घातकही.

शेतकरी जमीन विकतो म्हणून त्याला बोल लावणे सोपे आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासानुसार गिऱ्हाईक टोमॅटोला मोजते त्या रुपयातले 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे 36, बटाट्याचे 37. राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 वर आली. बांधापर्यंत शहर आलेल्या माणसाने या उत्पन्नावर गुंठ्याचा भाव किती वर्षे नाकारावा?

पुणे महापालिकेची हद्द 2017 पूर्वी साधारण 250 चौरस किलोमीटर होती. आधी 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आत घेऊन ती 516 च्या आसपास, दुपटीहून जास्त झाली. पुढे दोन गावे वगळली, तरी चित्र फारसे बदलले नाही. हद्दीत आलेले प्रत्येक रान आराखड्याच्या नकाशावर आज ना उद्या बांधायची जागा ठरते. ‘शेती विभाग’ म्हणून रंगवलेला भागही बांधकामासाठी राखून ठेवल्यासारखाच वागवला जातो.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) 2021 चा प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने 2025 मध्ये रद्द केला. नवा आराखडा करावाच लागणार आहे. कोणत्या गटात काय पिकते, याची नोंद 2021 पासून ई-पीक पाहणीत होते आहे. ती नकाशावर मांडून भाजीपाल्याची रानेही शाळा आणि दवाखान्यांसारखी मोजावीत, त्यांना शुद्ध केलेले पाणी लेखी हमीने द्यावे, आणि जो जमीन राखील त्याला तिच्या भावाचा काही वाटा विकासहक्काच्या रूपाने मिळावा. आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल, तेव्हा शेतकरी आपल्या गटावरच्या आरक्षणाविरुद्ध अर्ज करतीलच. शहरात राहणाऱ्यांनीही एक अर्ज करावा: आमची भाजी कुठे पिकणार, ते नकाशावर दाखवा.